चुकलेल्या शिट्टीचा हिशेब

एनबीए या बास्केटबॉल लीगच्या अंतिम फेरीचे सामने अमेरिकेत रात्री रंगतात, तेव्हा ऐरोलीत सकाळचे सहा-साडेसहा वाजलेले असतात. माझा भाचा माइंडस्पेसमधली रात्रपाळी संपवून त्याच सुमारास घरी येतो आणि चहाचा कप हातात घेऊन मोबाइलवर सामना लावतो. एका फाउलवरून तो असाच एकदा उसळला. "मामा, ही माणसं हवीतच कशाला? चारी बाजूंनी कॅमेरे लावा, निर्णय यंत्राला देऊ द्या. वादच मिटला!" मी तीस वर्षे शाळकरी बास्केटबॉलमध्ये शिट्टी वाजवली आहे. त्याचे वाक्य मला लागले, आणि त्याला उत्तर द्यायचे म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

त्याचे बोलणे ऐकताना मला अहिल्यानगर आठवले. 2 फेब्रुवारी 2025, महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाची अंतिम कुस्ती. पंचांनी शिवराज राक्षे चितपट झाल्याचे जाहीर करून पृथ्वीराज मोहोळ यांना विजयी ठरवले. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षे यांचे म्हणणे. वाद वाढला आणि त्यांनी पंचांना लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांशी वाद घालून बाहेर पडले. मोहोळ केसरी झाले, राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. त्यानंतर एक माजी महाराष्ट्र केसरी म्हणाले, अशा पंचांना गोळ्या घातल्या पाहिजेत. माझ्या भाच्याला पंच काढून टाकायचा आहे, त्या पैलवानाला मारून टाकायचा आहे. दोघांच्या रागामागे समज एकच: खेळातले खरे-खोटे सगळ्यांसमोर उघडेच असते, पंच तेवढा मध्ये आडवा येतो.

ते तसे नसते. बास्केटबॉलमधला सगळ्यांत अवघड निर्णय म्हणजे ब्लॉक की चार्ज. चेंडू घेऊन झेपावणारा खेळाडू वाटेतल्या बचावपटूवर आदळतो. बचावपटू आधीच जागा धरून समोर उभा असेल, तर चूक आक्रमकाची. पंच मूठ तळहातावर आपटतो. तो उशिरा आडवा आला असेल, तर चूक त्याची. पंच दोन्ही हात कमरेवर ठेवतो. या दोन खुणांमध्ये अंतर असते अर्ध्या पावलाचे.

31 मे 2018 ची गोष्ट. अंतिम फेरीचा पहिला सामना, क्लीव्हलँड दोन गुणांनी पुढे, 36 सेकंद उरलेले. गोल्डन स्टेटचा केविन ड्युरंट क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सवर आदळला. पंचांनी चार्ज दिला. मग लेब्रॉन बास्केटखालच्या अर्धवर्तुळाबाहेर होता का, हे तपासायला ते पडद्यापाशी गेले. तो चांगलाच बाहेर होता, म्हणजे त्या मुद्द्यावर चार्ज टिकत होता. पण तेच चित्र बघता बघता त्यांनी निर्णय फिरवला आणि ब्लॉक दिला. ड्युरंटने दोन्ही फ्री थ्रो टाकले, बरोबरी झाली आणि जादा वेळेत गोल्डन स्टेट जिंकले. जगातले निवडक पंच, उत्तमातले उत्तम कॅमेरे, तरी त्या टकरीवर माणसे अजून भांडतात. पाय रेषेवर पडला का, हे कॅमेरा सांगतो. 'वेळेत उभा राहिला' म्हणजे नेमके केव्हा, हे ठरवायला माणूसच लागतो.

मला याबाबतीत सगळ्यांत जास्त शिकवले ते एच. एल. ए. हार्ट यांनी. ऑक्सफर्डमधले हे कायद्याचे तत्त्वज्ञ. 1961 च्या 'द कन्सेप्ट ऑफ लॉ'मध्ये न्यायाधीशाचे काम समजावताना ते खेळातल्या गुण मोजणाऱ्याकडे वळतात. अधिकृत पंच नसतानाही खेळ चालतो. खेळाडू आपापले गुण मोजतात आणि नियम काय आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. पंच आला की त्याचा शब्द अखेरचा होतो, पण नियम होता तिथेच राहतो, आणि पंचही त्याच नियमाला बांधलेला असतो. मी शिकवताना याला 'पंचाचा निर्णय' म्हणतो आणि याच्या उलट प्रकाराला 'पंचमर्जी'. पंच म्हणेल तोच गुण, असा एकच नियम असलेला खेळ म्हणजे पंचमर्जी. तिथे पंच चुकला असे म्हणताच येत नाही, कारण चूक मोजायला मापच उरत नाही.

म्हणजे निर्णय अंतिम असणे वेगळे आणि तो बिनचूक असणे वेगळे. 'पंचांना जाब कसला विचारायचा?' म्हणणारे या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि 'यंत्र लावा' म्हणणारेही तीच गल्लत करतात. हार्ट आणखी एक सांगतात: थोड्या चुका पोटात घेऊनही खेळ तोच राहतो, पण चुका नित्याच्या झाल्या आणि नियमाकडे कुणी बघेनासे झाले, की खेळच बदलून जातो. कितीतरी वर्षे मी या विचारावर निर्धास्त होतो. चूक होते, निकाल राहतो, खेळ पुढे जातो. मुलांनी तक्रार केली की मी हेच सांगायचो.

आता मला हे अपुरे वाटते. कारण हार्ट निकालाविषयी बोलतात, हरलेल्याला आपण काय देणे लागतो याविषयी बोलत नाहीत.

31 मे 2002 ला लॉस एंजेलिसमध्ये सॅक्रॅमेंटो किंग्ज विरुद्ध लेकर्स, एनबीएतल्या एका मालिकेचा सहावा सामना. किंग्ज मालिकेत 3-2 ने पुढे. एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना 27 फ्री थ्रो मिळाले. किंग्ज 106-102 ने हरले, सातवा सामनाही गेला. ग्राहकहक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर यांनी लीगच्या प्रमुखांना तक्रारीचे पत्र लिहिले. सहा वर्षांनी, जुगाराच्या प्रकरणात गुन्हा कबूल केलेला टिम डोनाघी हा माजी पंच त्या मालिकेविषयी आरोप करून बसला. लीगने ते फेटाळले. खरे-खोटे मी सांगू शकत नाही. पण त्या रात्री कोणती शिट्टी बरोबर, कोणती चूक, याचा सरळ हिशेब लीगने तेव्हाच मांडला असता, तर एका गुन्हेगाराच्या शब्दाला इतके वजन आले नसते.

याच किंग्जची मालकी 2013 मध्ये मुंबईत वाढलेल्या विवेक रणदिवे यांच्याकडे आली. त्यांची एक जुनी गोष्ट माल्कम ग्लॅडवेल यांनी 2009 मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये लिहिली होती. रणदिवे मुलीच्या संघाचे प्रशिक्षक होते. बारा-बारा वर्षांच्या त्या पोरी पूर्ण मैदानभर दाबून बचाव करायच्या आणि त्या बळावर राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेल्या. तिथे पंच प्रतिस्पर्ध्यांनीच दिलेला निघाला. साध्या स्पर्शाला शिट्ट्या वाजू लागल्या. रणदिवे यांनी शेवटी तो बचावच थांबवला आणि त्या हरल्या. त्या मुलींना कुणी काही समजावून सांगितले का, हा प्रश्न मला त्या सामन्याच्या निकालापेक्षा मोठा वाटतो.

इथे मी पुन्हा अहिल्यानगरकडे येतो. 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या बाबासाहेब आंबेडकरांच्या भाषणाचा आधार घेऊन मी त्या लाथेचा अनेकदा निषेध केला: सनदशीर मार्ग सोडला की उरते ती अराजकता. निषेध मी आजही करतो. पंचावर उचललेला पाय ज्या खेळाने तुम्हाला पैलवान केले त्याच्यावर पडतो. पण बाबासाहेबांचा तो मुद्दा पूर्ण वाचला, तर त्याला एक अट आहे: सनदशीर वाट खुली असायला हवी. ती बंद असते तेव्हाच्या माणसाची कोंडी त्यांनी नाकारलेली नाही. म्हणून पैलवानाला शिस्त शिकवणाऱ्यांनी आधी दाद मागायची वाट बांधून द्यावी. खेळाडूंची शिक्षा तातडीने जाहीर झाली. खांदे टेकले की नाही, याचा हिशेब त्याच वेगाने लोकांपुढे यायला हवा होता.

असा हिशेब मांडता येतो. एनबीए 2015 पासून अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध करते. वाजलेली प्रत्येक शिट्टी, आणि वाजायला हवी होती पण वाजली नाही अशीही, बरोबर की चूक हे तिथे लिहिलेले असते. निकाल बदलत नाही. ड्युरंटसारख्या खेळाडूनेही या अहवालावर टीका केली: पंचांना असे उघडे पाडून काय मिळते? माझे उत्तर असे, की कबुली मिळते. हरलेल्याला कळते की त्याच्या डोळ्यांनी त्याला फसवले नव्हते. एवढे कळले की माणूस दुसऱ्या दिवशी सरावाला येऊ शकतो.

हे मी स्वतःच्या अनुभवातून सांगतो. काही वर्षांपूर्वी मुलींच्या एका अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला मी कमरेवर हात ठेवून ब्लॉक दिला. बचाव करणारी मुलगी खाली पडली होती. ती उठली, तिने माझ्याकडे बघितले आणि आपल्या दोन्ही बुटांकडे बोट दाखवले. मी चेंडू फ्री थ्रोच्या रेषेवर नेला. संध्याकाळी एका पालकाने मोबाइलवर काढलेले चित्रण पाहिले. तिचे पाय जागेवर होते. मी तिला ते कधी सांगितले नाही. ती पुढच्या वर्षी खेळायला आली नाही.

आता सामना संपला की मी दोन्ही प्रशिक्षकांना बोलावतो आणि चुकलेल्या शिट्ट्या मिनिटासकट कागदावर लिहून देतो. पहिल्यांदा दिला तेव्हा हरलेल्या संघाच्या बाईंनी विचारले, "सर, मग निकाल बदलणार?"

"नाही."

त्या थोडा वेळ कागद वाचत उभ्या राहिल्या. मग बाकावर रडत बसलेल्या एका मुलीकडे गेल्या आणि कागदावरची तिसरी ओळ त्यांनी तिला वाचून दाखवली.