भीती म्हणजे अभक्ती नव्हे



वारी पायांची. म्हणून गुडघा गेला की वारकऱ्याला सर्वस्व गेल्यासारखे वाटते. आता शस्त्रक्रियेने सांधा बदलता येतो. मांडीच्या व नडगीच्या हाडांचा झिजलेला भाग काढून तेथे धातू व प्लॅस्टिक बसवितात. सांधा डॉक्टर बदलतील. पण त्यावर भार टाकण्याचा धीर?

आमच्या दिंडीतल्या एका मावशींचे असेच झाले. टाके भरले, सांधा नीट बसला. पण मावशी पाय टेकेनात. "पुन्हा मोडला म्हणजे?" हाच घोर. शेजारणी म्हणू लागल्या, "नामात मन नाही, म्हणून दुखतंय." हे ऐकून आम्हांस फार वाईट वाटले. अहो, भीती हे भक्तीचे उणेपण नव्हे. तो दुखण्याचाच एक भाग आहे.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ मायकेल सलिव्हन व त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली १३ प्रश्नांची एक यादी केली. दुखणे मनात घोळवीत बसणे, ते आहे त्याहून मोठे मानणे आणि 'आता माझ्याने काही होत नाही' म्हणून हातपाय गाळणे, या तीन गोष्टी तीत तपासतात. शस्त्रक्रियेपूर्वीच ज्यांच्या मनात त्या बळावलेल्या असतात, त्यांची वेदना पुढे लांबण्याचा संभव अधिक, असे आढळले आहे. भीतीने पाय हलत नाही; न हलल्याने सांधा आखडतो; आखडला की अधिक दुखतो; आणि दुखले की भीती वाढते. असा हा फेरा!

तो तोडावा कसा? वारकऱ्याला हे निराळे शिकवायला नको. पहिला नेम. हरिपाठ चुकवीत नाही, तसा सांगितलेला व्यायाम चुकवू नये. आळंदीहून पंढरी कोणी एका दिवसात गाठीत नाही. आज खाटेपासून दारापर्यंत, उद्या ओसरीपर्यंत. दुसरी संगत. घरच्यांनी "निजून राहा" म्हणू नये आणि "एवढंही जमेना का?" असेही म्हणू नये, सोबत चालावे. तिसरी खरी अपेक्षा. पुरते सावरण्यास महिने लागतात. मांडी घालून बसणे, गुडघे टेकणे पुष्कळांना पूर्वीसारखे जमत नाही. हे आधी ठाऊक असले म्हणजे मन खचत नाही. दंडवत घडला नाही तरी उभ्याने जोडलेले हात देवास पोचतातच.

मात्र प्रत्येक वेदना मनाची समजू नये. ताप आला, जखम वाहू लागली, पोटरी सुजून दुखू लागली, तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे. आणि मन सदा उदास राहते, झोप लागत नाही, हेही त्यांना शस्त्रक्रियेच्या आधीच सांगावे. त्यात लाज कसली?

मावशींची सून रोज टाळ वाजवी आणि त्या ठेक्यावर मावशी एकेक पाऊल टाकीत. कार्तिकी एकादशीला काठी टेकीत त्या गावच्या देवळापर्यंत आल्या. पंढरी अजून दूर आहे खरी. पण पाऊल उचलले गेले, माउली!

रामकृष्णहरि.