ऋषिपंचमीची भाजी : निवडीतील विवेक

भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्रात अनेक घरी एकाच पातेल्यात नाना भाज्या शिजतात. कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी व वसिष्ठ या सप्तर्षींचे आणि देवी अरुंधतीचे पूजन करून व्रतस्थ स्त्रिया ही भाजी वरीच्या भाताबरोबर सेवन करतात. गुजरातेत याच तिथीला सामा पांचम म्हणतात व सामा खातात. व्रताचा आहारनियम असा की, बैलाच्या श्रमाने पिकलेले अन्न त्या दिवशी घ्यावयाचे नाही.

नियम लहान आहे, परंतु भाज्यांची सारी निवड त्यावरून ठरते. जे परसात कुदळीने व हाताने लावता येते, जे कुंपणावर वा मांडवावर चढते, ते घ्यावयाचे : अळू, लाल भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, लाल माठाचे देठ, सुरण, मक्याचे कणीस. कुळाचाराप्रमाणे यात थोडे अधिकउणे होते. अळू व सुरण घशाला खाजतात. म्हणून चिंच किंवा आंबट चुका त्यांच्या सोबतीला हवाच. सुरण व कणीस शिजण्यास उशीर लागतो म्हणून ते आधी. दोडका, पडवळ मागाहून. फोडणी नाही, मसाला नाही. मीठ, हिरवी मिरची व ओले खोबरे एवढ्यावरच भागवायचे. यामुळे एक गोष्ट आपोआप घडते. मसाल्याचे पांघरूण नसल्याने जून भेंडी किंवा शिळा भोपळा या भाजीत लपत नाही. निवडणारीला प्रत्येक भाजी हाती घेऊन पाहावीच लागते.

आता गीतेकडे वळू. सतराव्या अध्यायाच्या आठव्या ते दहाव्या श्लोकांत भगवंतांनी आहाराचे तीन प्रकार सांगितले, परंतु एकाही भाजीचे नाव घेतले नाही. आयुष्य, सत्त्व, बल, आरोग्य, सुख व प्रीती वाढविणारा तो सात्त्विक. अति तिखट, अति खारट, दाह करणारा तो राजस. रस गेलेला, शिळा, दुर्गंधयुक्त तो तामस. म्हणजे पदार्थाची ओळख त्याच्या स्थितीवरून व परिणामावरून करावयाची. सकाळी सात्त्विक असलेली भाजी दुसऱ्या दिवशी तामस होऊ शकते. केवळ यादी पाठ करून हा विवेक येत नाही; तो रोज करावा लागतो.

येथे कोणी शंका घेईल : "आज पुष्कळ शेते ट्रॅक्टरने नांगरली जातात. तेथे बैलाचा श्रमच नाही. मग त्या शेतातील तांदूळ या दिवशी का चालू नये? आणि बाजारातून आणलेली भेंडी परसातली नव्हे. ती तरी कशी चालते?"

शंका योग्य आहे. तिला बगल देऊ नये. अक्षराकडे पाहिले तर यंत्राच्या शेतातील तांदूळ निर्दोष ठरेल. परंतु या नियमाचा हेतू अन्नाला दोष देणे हा नसावा. विदर्भ-मराठवाड्यात श्रावण अमावास्येला पोळा होतो; बैलाला न्हाऊ घालतात, सजवतात, पुरणपोळी चारतात. त्यानंतर पाचव्याच तिथीस ही ऋषिपंचमी येते. वर्षभर ज्याच्या खांद्यावर आपण जेवलो, त्याच्या कष्टाचे एक दिवस न खाता त्याचे स्मरण करावे, असा या जवळिकीचा अर्थ मला दिसतो. तिसऱ्या अध्यायात, देवांनी दिलेले त्यांना न देता जो एकटाच भोगतो त्याला भगवंतांनी चोर म्हटले आहे. ऋण विसरून खाणे ही चोरीच होय.

बैलाच्या जागी यंत्र आले म्हणून ऋण फिटले नाही. ऋणको तोच राहिला, धनको मात्र बदलले. चिखलात उभे राहून रोपे लावणाऱ्या मजूर बाया, पहाटे पाटी उचलणारा हमाल, दारी येऊन ओरडणारी भाजीवाली, आणि पातेल्यापाशी तासभर अळूचे देठ सोलणारी घरातील माउली, हे सर्व त्या घासात आहेत. बाहेर बैलाचे श्रम वर्ज्य करावयाचे आणि भाजीवालीशी चार आण्यांसाठी भांडावयाचे, किंवा उपास असलेल्या सुनेने एकटीने सगळे निवडून, चिरून, शिजवून सर्वांच्या शेवटी जेवावयाचे, तर तेथे नियम पाळला गेला आणि व्रत मोडले.

म्हणून साधकाने भाजी निवडताना तीन प्रश्न स्वतःस विचारावे. ही ताजी व पथ्यकर आहे काय? हिच्यामागे कोणाचे श्रम आहेत, आणि त्यांचे मोल मी दिले काय? भगवंतास अर्पण करून, इतरांस वाटून मगच मी जेवणार आहे काय? बाजारची भेंडी या तीन प्रश्नांतून उतरली तर निःशंक पातेल्यात घालावी. परसातील भोपळा उतरला नाही, तर परसाची शुद्धी त्याला तारणार नाही. कुळाचाराने तांदूळ वर्ज्य असेल तर तो वर्ज्यच ठेवावा. पण कशासाठी, हे मुलांना सांगावे.

सतरावा अध्याय संपताना भगवंत बजावतात की, श्रद्धेवाचून केलेले हवन, दान व तप हे सारे असत् होय. पातेल्यातील भाजीलाही तेच लागू आहे.