वासरू शोधायला आलेला माणूस

गेल्या माघात आमच्या गावात सप्ता झाला. काल्याच्या आदल्या रात्रीचं कीर्तन होतं. महाराज बाहेरगावचे, आवाज पहाडी, मंडप भरलेला. पहिल्या पहरापर्यंत चांगलं चाललं होतं. मग महाराज दुष्काळ-गारपिटीवर आले आणि म्हणाले, संकटात ज्यानं देवाला घट्ट धरलं तो तरला, ज्याचा भाव कमी पडला तो बुडाला. मंडपातल्या माना हलल्या. माझीही हलली असती, पण माझी नजर बायकांच्या बाजूला गेली. तिसऱ्या ओळीत एक बाई मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत बसली होती. तिचा नवरा गारपिटीच्या सालात गेला. कसा गेला ते गावाला माहीत आहे, इथं लिहीत नाही.

मी उठून पारावर जाऊन बसलो. लोकांना वाटलं, म्हातारा बाहेर जाऊन आला. घरी आल्यावर बायको म्हणाली, "असं मधनंच उठत्यात व्हय कीर्तनातनं?" तिला तेव्हा काही बोललो नाही. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, माळकऱ्याचा पोरगा. महाराजांशी वाद घालायची माझी पात्रता नाही. पण हा प्रश्न माझ्या घरात दोनदा येऊन बसलेला आहे, म्हणून सांगतो.

पहिल्यांदा आला तो बहात्तरच्या दुष्काळात. मी बारा वर्षांचा होतो. आधीची दोन सालंही आखडतीच गेली होती, पण १९७२ ला पाऊस पार पळाला. विहिरीचा तळ दिसला, मग तळाला भेगा पडल्या. आमच्या बैलजोडीतला एक बैल बाजारात मातीमोल गेला, दुसरा दावणीलाच बसला तो उठला नाही. आई-आण्णा खडी फोडायला जायचे. आम्ही पोरं मागनं टोपल्या घेऊन. हातोडीचा आवाज दिवसभर, आणि दुपारी सुकडी मिळायची. तिची गोडी अजून जिभेवर आहे, खोटं कशाला बोलू. घरी मात्र मिलोची लाल भाकरी. ती थापताना फाटायची आणि खाताना घशात अडकायची. जनावरं खात नाहीत ते आपण खातोय, असं म्हातारी म्हणायची आणि पहिला तुकडा स्वतःच मोडायची.

माझी धाकटी बहीण दोन वर्षांची होती. आईचं दूध आटलं होतं. गल्लीच्या कोपऱ्यावर एक एकटी बाई राहायची, तिच्याकडं एक शेळी. ती बाई रोज तिन्हीसांजेला पेलाभर दूध आणून द्यायची. पैसे नाहीत, उसनवारी नाही. आमची आजी म्हणायची, "इठ्ठलच येतोय बघ पेला घेऊन." आण्णा ऐकून घ्यायचे. चैताच्या उन्हात खडीवर पोरीला हगवण लागली आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

त्या रात्री आण्णांनी गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवली. आमच्या घरात माळ काढणं म्हणजे काय, ते माळकऱ्याच्या घरात जन्मलेल्यालाच कळेल. म्हातारी धावली. आण्णा तिला एवढंच म्हणाले, "दूध घेऊन आला तो इठ्ठल, तर पोरगी घेऊन गेला तो कोण?"

म्हातारीला उत्तर आलं नाही. तिनं कसलंही उत्तर बनवून सांगितलं नाही, याचं मला आता फार मोल वाटतं. आजच्या महाराजांना विचारलं असतं तर त्यांनी कर्माचा हिशोब काढून दाखवला असता. दोन वर्षांच्या लेकराचं कर्म!

पुढं त्या बाईला शेळी विकावी लागली. मग मी एक नवल पाहिलं. आण्णा आपल्या वाट्याची सुकडी अर्धी खायचे, अर्धी टॉवेलाच्या गाठीत बांधायचे आणि संध्याकाळी त्या बाईच्या उंबऱ्यावर ठेवून यायचे. माळ खुंटीलाच होती. देवाशी बोलणं बंद, पण त्या उंबऱ्यावरची खेप चुकली नाही. १९७३ चा पाऊस पडला, पेरण्या झाल्या, तरी माळ खुंटीलाच. आणखी एक सालभरानं आषाढीच्या आधी एके सकाळी बघतो तर माळ गळ्यात. का काढली ते मला ठाऊक होतं, का घातली ते नाही. विचारलंही नाही. आमच्यात बापाला असलं विचारत नसत.

मंगळवेढा आमच्या जिल्ह्यातलाच. तिथल्या दामाजीपंतांची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. बहामनी राजवटीतला दुष्काळ, लोक अन्नावाचून मरायला लागलेले, आणि दामाजींनी सरकारी कोठार खुलं केलं. बादशहानं बेदरला बोलावणं धाडलं. मग विठोबा विठू महाराचं रूप घेऊन बेदरला गेला आणि धान्याची रक्कम भरून आला. लहानपणी मला यातला विठोबाच तेवढा दिसायचा. खडीवर काम केल्यावर मला त्यातलं दुसरंच काही दिसायला लागलं. देव धान्याची पोती घेऊन आलेला नाही. कोठाराचं कुलूप दामाजींनाच काढावं लागलं, तेही मान जाईल हे माहीत असताना. देव आला तो मागनं, बाकी भागवायला. दामाजींनी कुलूप काढलंच नसतं, तर देव कशासाठी येणार होता?

आणि त्याच मंगळवेढ्यात चोखोबांची दुसरी गोष्ट आहे. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा बरोबरच्या माणसांसकट खाली गेले. चोखोबांचा भाव कमी होता, असं म्हणायची कुणा महाराजाची छाती आहे? नामदेवराय आले, त्यांनी ढिगाऱ्यातनं चोखोबांची हाडं शोधली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी केली. तुकोबांचंही तेच. दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. घट्ट धरणारा तरतो, हा हिशोब आमच्या संतांच्याच घरात बसत नाही.

दुसऱ्यांदा प्रश्न आला तो मार्च २०१४ मध्ये. माझी दोन एकर द्राक्षाची बाग होती. बँकेचं कर्ज, सोसायटीचं कर्ज, औषधाच्या दुकानची उधारी. सौदा झालेला, चार दिवसांनी काढणी. ज्वारी काढून रानातच पेंढ्या पडलेल्या. दुपारी तीनला आभाळ भरून आलं आणि लिंबाएवढ्या गारा पडल्या. पाऊण तासात सगळं झालं. बागेत शिरलो तर पायाखाली घोट्याएवढा बर्फ आणि त्यात मणी. चार दिवसांत त्या मण्यांचा आंबूस वास सुटला. ज्वारी काळी पडली, कडबा काळा पडला. मंडपच जमिनीवर आलेला, बघवत नव्हता.

आठव्या दिवशी रात्री मी विहिरीवर जाऊन बसलो. घरात सांगितलं होतं, लाईट आल्यावर मोटार चालू करून येतो. पण भिजवायला रानात काही उरलंच नव्हतं. हे बायकोच्या ध्यानात आलं नाही, का आलं, ते मी आजवर विचारलेलं नाही. तिथं बसून माझ्या मनात काय चाललं होतं तेही फोडून सांगत नाही. देव आठवला का? नाही आठवला. आण्णांची माळ आठवली, खुंटीवरची.

तेवढ्यात बॅटरीचा उजेड आला. आमच्या भावकीतला माणूस, बांधाला बांध. त्याच बांधावरनं आठ वर्षं आमचं बोलणं बंद होतं. मोजणी झाली, तारखा झाल्या, एकमेकांच्या लग्नकार्याला गेलो नव्हतो. तो येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आमचं वासरू सुटलंय. हिकडं आलं का रं?"

मी म्हणालो, नाही. तो जाईना. खाली बसला. म्हणाला, "तंबाखू हाय का?" मी पुडी दिली. त्यानं मळली, मला दिली, आपण घेतली. मग त्याच्या मक्याचं काय झालं ते सांगत बसला. मध्येच उठायचा, बॅटरी फिरवायचा, "दिसंना बया," म्हणायचा आणि परत बसायचा. पहाटे कोंबडा आरवेपर्यंत असंच. उजाडल्यावर मला म्हणाला, "चल, च्या घिऊ." त्याच्या दारात गेलो तर वासरू दावणीला रवंथ करत होतं. दाव्याला गाठ पक्की. मी त्याच्याकडं बघितलं. तो चुलीकडं बघत होता.

त्याला कुणी पाठवलं? त्याला विचारलं तर म्हणतो, बायकोनं सांगितलं, इहिरीवर कोण बसलंय बघ. बस, इतकंच. तो एकादशी करत नाही, पंढरीला गेलेला नाही, शिव्या तर असल्या देतो की बैल वळावा. पण देवाची दया कुठल्या पायांनी येते असं मला कुणी विचारलं, तर मला त्याची ती चिखलानं भरलेली टायरची चप्पल दिसते.

इथं थांबलो असतो तर ही गोष्ट महाराजांना कीर्तनात घेता आली असती. पण अजून संपलेली नाही.

ओढ्यापलीकडं राहणारा तो, म्हणजे त्या बाईचा नवरा, पंचनाम्याच्या वेळी चावडीपुढं माझ्या शेजारी उभा होता. माझ्या त्या रात्रीनंतर पाचेक दिवसांनी. मी आता जरा सावरलो होतो. यादीत नाव लागलं का ते बघायची गडबड. तो म्हणाला, "दादा, घराकडं ये की एकदा." मी म्हणालो, "येतो." दोन दिवस मंडपाच्या तारा गोळा करण्यात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला.

आता सांगा. माझ्याकडं देव आला आणि त्याच्याकडं आला नाही, असं म्हणू? म्हणजे माझं पुण्य जास्त? मी त्याला चांगला ओळखत होतो. त्याचा भाव माझ्यापेक्षा पक्का होता, वारी न चुकवणारा माणूस. मला कित्येक वर्षं झोपेत ते "ये की एकदा" ऐकू यायचं. देवानं त्याच्याकडं कुणाला का पाठवलं नाही, असं मी एकदा देवळात उभं राहून विचारलंही. आणि विचारता विचारताच अंगावर काटा आला. निरोप तर दिलेला होता, चावडीपुढं, भर दुपारी, माझ्या कानात.

बायकोला हे बोललो तेव्हा ती म्हणाली, तुम्ही स्वतःला लई मोठं समजता. तुम्ही गेला असता म्हणून काय झालं असतं? तेही खरं आहे. शेळीचं दूध रोज येत होतं, तरी माझी बहीण गेलीच. नामदेवरायांच्या हाती हाडंच आली. येणाऱ्याच्या येण्यानं दरवेळी माणूस वाचतो असं नाही. पण माझ्या बहिणीला दूध देणारं कुणीतरी होतं, आणि तो माणूस माझी वाट बघत गेला. या दोन्हीत फरक आहे. तो फरक कमी करायला मला अजून कुठलं शास्त्र सापडलेलं नाही.

सप्ता संपल्यावर मी वहिनींकडं गेलो. दहा वर्षांत त्या घरी कार्यापुरता गेलेलो, पण हे कधी बोललो नव्हतो. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. भिंतीवर विठोबाची तसबीर, तिच्याशेजारी त्याचा फोटो. दोन्हीला हार. मी चावडीपुढचं सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. ऐकून म्हणाल्या, "भावजी, तुम्ही आला असता तर मी च्या केला असता. त्याच्यापुढचं मला ठावं न्हाई." मग शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं. मीही फोडायला लागलो. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "महाराज बोलले त्ये मला लागलं न्हाई. त्यांनी ह्यांस्नी बघितलंच नव्हतं." पोरगा आयटीआय झाला, सोलापूरला कामाला लागला, हे सांगितलं. निघताना पायलीभर शेंगा बांधून दिल्या. नको म्हणायचा मला हक्क नव्हता.

परवाची गोष्ट. वरच्या आळीतला एक तरणा पोरगा चार दिवस चहाच्या टपरीवर दिसला नाही. कांद्यानं त्याचं कंबरडं मोडलंय हे ठाऊक होतं. रात्री नऊला मी बॅटरी घेतली, टोपी घातली. बायकोनं विचारलं, "आता कुठं?" म्हणालो, "वासरू सुटलंय." आमच्या गोठ्यात दोन वर्षं झाली वासरू नाही. तिनं काही विचारलं नाही, कोपऱ्यातली काठी काढून हातात दिली.

पोरगा विहिरीवर नव्हता, दारातच बाजेवर पडला होता. मला बघून उठून बसला. मी तंबाखू मागितली, तर म्हणाला, आबा, मी खात नाही. मग त्याच्या म्हातारीनं आतून आणून दिली. कांद्याचं बोललो, मोटारीच्या वाइंडिंगचं बोललो, सोयरिकीचं बोललो. साडेबाराला लाईट आली. आम्ही दोघं उठून मोटार चालू करायला गेलो.