जामिनाचे मोल

वाचन : उत्पत्ती ४३:१-१४, ४४:१८-३४, इब्री ७:२२



रस्त्याचे वा पुलाचे सरकारी कंत्राट घेणाऱ्याला काम अर्धवट टाकणार नाही अशी हमी द्यावी लागते. पूर्वी अशा हमीसाठी बहुधा बँकेकडेच जावे लागे, व तिच्यापायी कंत्राटदाराचा पैसा तारण म्हणून अडकून पडे. १ एप्रिल २०२२ पासून विमा नियामकाची मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली आणि आपल्या देशात विमा कंपन्यांनाही अशी हमी देण्याची वाट मोकळी झाली. तिला शुअरटी बाँड म्हणतात.

या बाँडचा प्रीमियम कसा ठरतो? रक्कम किती, मुदत किती, काम कोणत्या प्रकारचे, हे तर पाहतातच. परंतु खरी तपासणी माणसाची होते. या धंद्यातील जुने लोक तीन गोष्टी सांगतात : चारित्र्य, क्षमता व भांडवल. मागची कामे वेळेवर पुरी केली काय? कोणाची देणी बुडवली काय? हाती घेतलेला भार पेलण्याइतकी माणसे व यंत्रे आहेत काय? नोंद स्वच्छ असेल तर प्रीमियम थोडा. नोंद डागाळलेली असेल तर प्रीमियम चढतो, तारण अधिक मागतात, किंवा सरळ नकार येतो. शिवाय प्रीमियम भरला म्हणजे देणे फिटले असे नव्हे. जामीनदाराने भरलेली रक्कम मूळ ऋणकोकडून परत घेण्याचा हक्क त्याला १८७२ च्या करार कायद्याच्या १४५ व्या कलमाने दिला आहे.

हा हिशेब व्यवहाराला धरून आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्याचा परिणाम पाहा : ज्याला जामिनाची गरज कमी, त्याला तो स्वस्त; ज्याला गरज फार, त्याला तो मिळतच नाही. न्यायालयातील जामिनाची तऱ्हा वेगळी असली तरी तेथेही हेच दिसते. मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामिनावर सोडण्यास सांगितले, तेव्हा दंडाधिकाऱ्याने दहा हजार रुपयांचा जामीन मागितला. त्याचा भाऊ पुढे आला. परंतु भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तो नाकारला गेला. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अट अन्यायाची ठरवली. आपल्यापैकी जे पोटासाठी परप्रांतात राहतात, त्यांना ‘येथे तुमच्या ओळखीचे कोण?’ या प्रश्नाची धार ठाऊक असेलच.

मग मागेल त्याच्यासाठी सही करावी काय? नीतिसूत्रांचा लेखक तर पुनःपुन्हा सावध करतो, आणि फेडायला काही नसेल तर अंगाखालचे अंथरूणही जाईल असे बजावतो (२२:२६-२७). त्याच करार कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते; बँकेने आधी ऋणकोचेच दार ठोठवावे असे बंधन नाही. आपल्या मंडळ्यांतून भिडेखातर केलेल्या सह्या पुष्कळ असतात, आणि घरच्या बाईला ती सही नोटीस आल्यावर कळते. भिडेची सही ही प्रीतीची सही नव्हे, असे मला स्पष्ट वाटते. प्रीती आधी किंमत मोजते, घरच्यांना सांगते, आणि मग लेखणी उचलते.

यहूदाने अशी किंमत मोजली. कनानात दुष्काळ पडला होता, आणि बन्यामिनावाचून मिसरात धान्य मिळणार नव्हते. रऊबेनाने आपल्या दोन मुलांचे प्राण तारण म्हणून देऊ केले होते; याकोबाने ते घेतले नाहीत. नातवांचे मरण कोणत्या आजोबाचे नुकसान भरून काढील? यहूदाने स्वतःला तारण ठेवले. त्याची मागची नोंद पाहिली तर कोणीही त्याला जामीन म्हणून उभे केले नसते : योसेफाला विकण्याची युक्ती त्याचीच, आणि भावाचे मोल वीस रुपये आले होते. तरी बन्यामिनाच्या गोणीत प्याला सापडला तेव्हा तो मागे सरला नाही. मुलाला जाऊ द्या, त्याच्या जागी मी दास होऊन राहतो, असे त्याने त्या परक्या अधिकाऱ्याला विनविले. तो अधिकारी म्हणजे विकला गेलेला भाऊच होता, हे त्याला ठाऊक नव्हते.

या यहूदाच्या वंशात जो जन्मला, त्याला इब्री लोकांस लिहिलेले पत्र अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हणते. चारित्र्य, क्षमता, भांडवल या तीन रकान्यांत आपण काय भरणार होतो? आपली नोंद पूर्ण वाचूनच त्याने सही केली. प्रीमियम मागितला नाही, आणि भरलेल्या रकमेची वसुलीही केली नाही.

पौलाने त्याचा कित्ता गिरवला. बंदिवासात असताना अनेसिम नावाच्या दासासाठी त्याने फिलेमोनाला लिहिले, की याचे काही देणे असेल तर माझ्या खाती मांड. आणि ते वचन स्वतःच्या हाताने लिहिले. पौलाजवळ मालमत्ता ती काय असणार! आणि पत्र संपविण्यापूर्वी तो फिलेमोनाला आणखी एक काम सांगतो : माझ्यासाठी उतरण्याची जागा तयार ठेव, मी स्वतः येण्याची आशा करीत आहे.