वास्तूचा दोष कोणाच्या माथीं?

गांवांतील एखाद्या सावकाराचा जुना वाडा शाळेस मिळाला, म्हणजे लोकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, "त्या भिंतींत गोरगरिबांचे तळतळाट आहेत, तेथें मुलें बसवूं नयेत." दुसरा म्हणतो, "मुलें बसलीं कीं वास्तु शुद्ध झाली." हा वाद ऐकला म्हणजे आम्हांस पुण्याजवळील गणेशखिंडीचा गव्हर्नरसाहेबांचा बंगला आठवतो.

सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असतां, १८६४ सालीं, हा बंगला बांधावयास घेतला व १८७१ त तो पुरा झाला. अमेरिकेंतील यादवीमुळें त्या वेळीं मुंबई इलाख्याच्या कापसास सोन्याचा भाव आला होता. आणि पैसा हातीं खेळूं लागला कीं मनुष्यास मोठें घर सुचतें. १८६५ त युद्ध संपलें, भाव कोसळला, बांधकाम मात्र चालूच राहिलें. ह्या उधळपट्टीबद्दल खुद्द विलायतेच्या पार्लमेंटांत टीका झाली. पुढें पुष्कळ वर्षें पावसाळ्यांत गव्हर्नरांचा मुक्काम येथें असे.

१८९७ सालीं पुण्यांत प्लेग माजला. गोरे शिपाई रोगी हुडकण्यास घरोघर शिरत. देवघर कोणतें नि माजघर कोणतें, ह्याची त्यांस पर्वा नव्हती. त्याच सालीं २२ जून रोजीं ह्या बंगल्यांत व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षें झाल्याचा समारंभ झाला. तेथून परततांना प्लेगचे अधिकारी रँड ह्यांजवर चापेकर बंधूंनीं गोळी झाडिली. लेफ्टनंट आयर्स्ट हेही बळी पडले. हत्येस आम्ही हत्याच म्हणतों. परंतु ज्या शहरांत नुकत्याच तिरड्यांवर तिरड्या उठल्या, त्याच्या वेशीशीं उत्सव मांडणाऱ्यांचेंही आम्हांस नवल वाटतें.

त्याच प्लेगांत १० मार्च रोजीं, रोग्यांची शुश्रूषा करतां करतां, सावित्रीबाई फुले वारल्या. त्या समारंभापूर्वीं जेमतेम साडेतीन महिने. त्या जिवंत असत्या तरी त्यांस तेथें कोणी बोलाविलें असतें, असें आम्हांस वाटत नाहीं.

१९४९ सालीं पुणें विद्यापीठ स्थापन झालें, डॉ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरु झाले, आणि हा बंगला विद्यापीठाचा झाला. २०१४ सालीं विद्यापीठास सावित्रीबाईंचें नांव दिलें गेलें.

तर मग घर शुद्ध झालें काय? आमच्या मतें हा प्रश्नच चुकला आहे. दगड पाप करीत नाहीं, त्यास क्षमाही लागत नाहीं. ज्यांनीं रयतेचा पैसा उधळिला, त्यांचा जाब त्यांजकडे. नवें नांव कोरल्यानें १८९७ सालची ती रात्र पुसली जात नाहीं, आणि जाऊंही नये. विद्यार्थ्यांस ती अवश्य सांगावी. पण तेवढ्यासाठीं वास्तु ओस टाकणें म्हणजे त्याच पैशाची दुसऱ्यांदा नासाडी होय. आज तेथें बसणाऱ्यांस निराळाच जाब द्यावयाचा आहे: दार कोणासाठीं उघडें आहे?

मागें कांहीं कामानिमित्त आम्ही तेथें गेलों होतों. पायऱ्यांपाशीं एक शेतकरी मुलीच्या प्रवेशाचे कागद पिशवींत घालून उभा होता, मुलगी शेजारीं. आंत जातांना वहाणा काढाव्या लागतात काय, असें त्यानें आम्हांस हळूच विचारिलें. आम्ही नाहीं म्हटलें, आणि तिघेंही बरोबरच पायऱ्या चढलों.