टाळ्या

नरकचतुर्दशीच्या सकाळी आमच्या चाळीच्या अंगणात चोर-पोलिसांचा खेळ रंगात आला होता. टिकल्यांची पिस्तुले नवी, उत्साहही नवा. मी वर कठड्याशी चहा घेत उभा होतो. चोर झालेला शेजारचा बंडू हात वर करून एकसारखा ओरडत होता, "मी शरण आलोय!" तरी पोलिसांनी त्याला दोनदा ठार मारले. शेवटी रडकुंडीला येऊन तो माझ्याकडे पाहू लागला. मास्तर माणूस समोर दिसला, की न्याय मागायला पोरांना तेवढे पुरते.

मला चटकन निकाल देता येईना. हा खेळ मीही खेळलो आहे. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी मुंबईच्या लोखंडवाला संकुलात पोलिसांनी एका इमारतीला वेढा घातला. काही तास गोळीबार चालला आणि माया डोळस, दिलीप बुवा यांच्यासह सात जण मारले गेले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. वडिलांनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवले, ऐकायला जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि आम्हां पोरांच्या खेळाचे नाव त्या दिवसापासून 'लोखंडवाला' पडले.

वडील काही क्रूर नव्हते. घरात झुरळ निघाले तरी ते आईला हाक मारीत. पण खालचा किराणावाला दरमहा हप्ता देतो हे त्यांना ठाऊक होते. त्याने तक्रार केलीच तर साक्षीला कोणी उभे राहणार नाही, हेही ठाऊक होते. मी तरी कुठे राहिलो असतो? १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीला देवळातून परतताना गुलशन कुमार यांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा शहराला धडकी भरली ती काही खोटी नव्हती. पुढे १९९९ साली मोक्का आला. जामीन अवघड झाला, टेलिफोनवरचे बोलणे ऐकण्याची मुभा मिळाली, अधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाबही पुरावा ठरू लागला. फारच कडक, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण त्या वाटेच्या शेवटी न्यायाधीश बसलेला असतो आणि आरोपीला तोंड उघडता येते. चकमकीत मेलेला माणूस दोषी होता, हे आपल्याला कोण सांगते? ज्याने मारले तोच!

हे मला पुस्तकाने नव्हे, एका थपडेने शिकवले. नोकरीच्या पहिल्याच वर्षी वर्गातले सहलीचे पैसे नाहीसे झाले. सगळ्यांचा संशय एकाच मुलावर. त्याने पूर्वी एकदा खरोखरच चोरी केली होती. काही न विचारता मी त्याच्या श्रीमुखात भडकावली. वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि खोटे कशाला सांगू, मला त्या गोड लागल्या. चौथ्या दिवशी पैसे हजेरीपटाच्या वेष्टनात सापडले. तेथे ते मीच ठेवले होते. मी त्याची माफी मागितली. "असू द्या सर," एवढेच तो म्हणाला. त्याला सवय होती. ती थप्पड मला परत घेता आली नाही. पण माफी ऐकायला तो निदान समोर उभा होता.

राम नारायण गुप्ता तसा उभा राहू शकला नाही. ११ नोव्हेंबर २००६ रोजी पोलिसांनी त्याला वाशीहून उचलले. त्याच्या वकील भावाने धास्तावून अधिकाऱ्यांना तारा केल्या. त्याच संध्याकाळी वर्सोव्याला 'चकमक' झाली. तो साधुसंत होता असे कोणी म्हणत नाही. पण २०१३ साली सत्र न्यायालयाने ती चकमक खोटी ठरवून २१ जणांना दोषी धरले, त्यांत १३ पोलीस होते. २०२४ साली उच्च न्यायालयानेही ती खोटीच मानली. त्यांना ही सवय कोणी लावली, असा विचार करताना मला वडिलांभोवती जमलेली ती मंडळी आठवतात, आणि त्यांच्यात टाचा उंचावून टाळ्या वाजवणारा एक अकरा वर्षांचा मुलगाही.

खाली बंडू अजून हात वर करून उभाच होता.

"अरे, तो शरण आलाय ना? मग पकडून न्या त्याला," मी म्हणालो.

"पकडून कुठे नेऊ, सर?" पोलिसाने विचारले.

"कोर्टात. जिन्याखाली कोर्ट करा."

पोलीस हिरमुसला. "मग खेळ फारच वेळ चालेल हो!"

"चालू दे," मी म्हणालो. तेवढ्यात आतून फराळाची हाक आली आणि चोर, पोलीस सगळेच एकदम जिन्याकडे धावले.