पहाट कोणाची

निफाडकडं पारा चारच्या खाली उतरला, की पाणी उतरलेले द्राक्षमणी तडकतात. पहाटे विहिरीचं पाणी ठिबकनं सोडायचं. ते हवेपेक्षा ऊबदार, बागेला तेवढाच आधार. पण शेतीची लाईट पाळीनं, आठ तास. नेमकी पहाटे नसली तर? म्हणून ट्रॉलीवर जनरेटर.

तो लागतो वर्षातून दोन-चार रात्री. एखाद्या साली एकदाही नाही. तरी दिवाळी सरली की मी ऑईल बदलतो, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालतो, डिझेल फिल्टरमध्ये साचलेलं पाणी सोडतो, मधून मधून मोटर जोडून चालवतो. गारठ्यात ऑईल घट्ट होतं, बॅटरीचा जोर जातो. बायको म्हणते, "एवढी चाकरी सासूबाईंची केली असती तर!"

चुलतभाऊ या चाकरीला हसतो. अन् थंडीची लाट आली की बांधावर उभा, "दादा, दोन तास द्या." देणं अवघड नाही. पण खरा मारा पहाटे चार ते सूर्य उगवेपर्यंत. ते तास कोणाचे? निगा केली त्याचे, की ज्याचा माल जाईल त्याचे?

पुष्कळजण म्हणतील, ज्यानं राबावं त्यानं घ्यावं. मला ते पटत नाही. हसला तो, त्याच्या वेलींनी काय केलं? सोसायटीचं कर्जही त्याच मण्यांवर आहे. मी ठरवलं, ज्याच्या मण्यात आधी पाणी उतरलं, त्याची पहाट. डिझेल ज्याचं त्यानं आणायचं. आणि दिवाळीनंतर ऑईल बदलताना नरसाळं धरायला त्यानं यायचं.

यंदा आला होता. निम्मं ऑईल सांडलं.